मधली सुट्टी कुठे जाते?

आज दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत आपण नेमके काय केले, हे वाचकांनी एकदा आठवून पाहावे. डबा उघडला तेव्हा समोरचा संगणक चालूच होता का? एका हाताने पोळीचा तुकडा मोडत असताना दुसऱ्या हाताचा अंगठा फोनवर फिरत होता का? जेवण दहा-बारा मिनिटांत उरकले आणि उरलेला वेळ ‘एवढा एक मेल पाठवून टाकतो’ असे म्हणता म्हणता संपला का? एका हाताने पोळी मोडणे ही तशी अवघड कला; पण कचेरीत जेवणाऱ्या मंडळींनी ती आता चांगलीच साध्य केली आहे.

या अर्ध्या तासामागे इतिहास आहे आणि तो आपल्या मुंबईतला आहे. एकोणिसाव्या शतकात तिथल्या कापड गिरण्यांत उजाडताच काम सुरू होई आणि अंधारल्यावर थांबे. महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातल्या मागण्या आज वाचताना त्यांच्या साधेपणानेच मन थबकते. रविवारी सुट्टी असावी, पगार वेळेवर मिळावा, कामावर जखमी झालेल्याचे पोट चालावे आणि दुपारी अर्धा तास विसावा मिळावा. रविवारच्या सुट्टीसाठी १० जून १८९० हा दिवस उजाडावा लागला. पुढे १८९१ च्या कारखाना कायद्याने दुपारी अर्धा तास काम थांबवणे मालकांना भाग पाडले. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना अधिनियमाने सलग पाच तासांपेक्षा जास्त वेळ कामगाराला राबवू नये, त्याआधी किमान अर्धा तास विश्रांती द्यावी, असा दंडक घातला.

लोखंडे यांच्या काळात ही सुट्टी मिळत नव्हती. आज ती पुष्कळांना मिळते, आणि मिळाल्यावर ते ती कामाला परत करून टाकतात. अमुक एक जण जागेवर बसूनच जेवतो, हे कौतुकाने सांगितले जाते. थकलेला माणूस थांबला नाही तर त्याचे काम अधिक होते, असा यामागचा समज आहे. प्रत्यक्षात थकलेल्या डोळ्यांनी भरलेला तक्ता दुसऱ्या दिवशी दुरुस्त करावा लागतो. छोट्या विश्रांतीवर झालेल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा मिनिटांच्या आतल्या छोट्या थांब्यांनीही थकवा कमी होतो आणि उत्साह वाढतो, असे त्यातून दिसले. मात्र डोक्याला फार ताण देणाऱ्या कामानंतर एवढासा थांबा कामगिरी सुधारण्यास पुरत नाही, हेही त्याच आढाव्यात आढळले. हिशेब तपासणाऱ्याला, भाषांतर करणाऱ्याला किंवा संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्याला म्हणूनच दुपारची मोठी सुट्टी खरोखर लागते. पाच मिनिटांच्या चहावर तिची बोळवण होत नाही.

पण सुट्टी घेतली म्हणजे विसावा मिळालाच, असे नाही. विसाव्यासंबंधी एकच कसोटी आम्ही वाचकांपुढे ठेवू इच्छितो. आपल्या कामात शरीराचा जो भाग राबतो त्याला थांबवावे आणि जो भाग निजून राहतो त्याला उठवावे. बसणाऱ्याने उठावे, उभे राहणाऱ्याने बसावे, बोलणाऱ्याने गप्प राहावे, जवळ पाहणाऱ्याने दूर पाहावे. ही कसोटी लावली की फोनवर घालवलेल्या सुट्टीचे काय होते, ते लगेच ध्यानात येते. चार तास पडद्याकडे पाहिलेले डोळे आता लहान पडद्याकडे पाहतात. चार तास पुढे झुकलेली मान आणखी झुकते. प्रौढ माणसाचे डोके साधारण साडेचार ते पाच किलो वजनाचे असते. ते पुढे कलले की मानेच्या मागच्या स्नायूंना ते ओढून धरावे लागते. बोटे तीच, अंगठा तोच, आणि मनही निवड करण्यातच गुंतलेले: हे पाहू की ते, याला उत्तर देऊ की नको. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात २०१९ मध्ये केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना शब्दकोडी सोडवायला देऊन मध्ये सुट्टी दिली गेली. ज्यांनी ती सुट्टी फोनवर घालवली, त्यांची पुढची कोडी इतर प्रकारे सुट्टी घेणाऱ्यांपेक्षा सावकाश आणि कमी सुटली. फोन वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. गावाकडे आईला फोन लावून चालता चालता पाच मिनिटे बोलणे हा उत्तम विसावा आहे. पडदा खिशात आणि आवाज कानात असला की झाले.

पडद्यापुढे बसणाऱ्यांच्या डोळ्यांविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण चष्म्याचा नंबर वाढल्याच्या समजुतीने दवाखान्यात येणाऱ्या अनेकांचे मूळ दुखणे कोरड्या, थकलेल्या डोळ्यांचे असते. एरवी आपण मिनिटाला साधारण पंधरा ते वीस वेळा पापण्या लववतो. पडद्याकडे टक लावली की हे प्रमाण निम्म्याहूनही खाली येते. पापणी लवली की अश्रूंचा पातळ थर बुबुळावर पसरतो. ती लवली नाही की हा थर सुकतो, आणि वातानुकूलित खोलीत तर फारच लवकर सुकतो. डोळे चुरचुरतात, जड होतात, अक्षरे धूसर दिसतात. शिवाय जवळचे पाहताना डोळ्यातील भिंगाचा आकार बदलणारा छोटासा स्नायू आवळलेला असतो. दूर पाहिले की तो सैल पडतो. नेत्रतज्ज्ञ यासाठी एक सोपा नियम सांगतात: दर वीस मिनिटांनी, वीस फुटांपलीकडच्या वस्तूकडे, वीस सेकंद पाहावे. वीस फूट म्हणजे साधारण सहा मीटर. कचेरीच्या खोलीत एवढे अंतर मिळाले नाही तर खिडकीतून समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी पाहावी, नाहीतर रस्त्यापलीकडचे झाड. पाहताना चार-सहा वेळा पापण्या पूर्ण मिटून उघडाव्यात. यासाठी कुणाची परवानगी लागत नाही आणि शेजारच्याला पत्ताही लागत नाही.

बसण्याचे दुखणे पाठीत आणि पोटऱ्यांत असते. मणक्यांमधल्या गाद्यांना प्रौढपणी स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. आजूबाजूच्या भागातून झिरपणाऱ्या द्रवावर त्या पोसल्या जातात, आणि या झिरपण्याला हालचालीची मदत होते. तासन्‌तास एकाच स्थितीत बसणाऱ्याची कंबर धरते ती पुष्कळदा यामुळे. खुर्ची कितीही महाग असली तरी हालचालीची जागा ती घेऊ शकत नाही. लंडनच्या बसगाड्यांवर जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. एकाच बसवर काम करणाऱ्यांपैकी दिवसभर बसणाऱ्या चालकांना हृदयविकार अधिक, आणि दुमजली बसचे जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना कमी, असे त्यात दिसले. पुढे असेही आढळले की चालकांच्या गणवेशांची मापे नोकरीच्या आरंभापासूनच मोठी होती. तेव्हा सगळा दोष खुर्चीच्या माथी मारता येत नाही. तरीही हालचाल आणि हृदय यांचा संबंध त्यानंतरच्या कितीतरी अभ्यासांनी पक्का केला. दर अर्ध्या-पाऊण तासाने उभे राहावे, टाचा दहा-बारा वेळा वर-खाली कराव्यात, पाण्याची बाटली मुद्दाम लहान ठेवावी म्हणजे ती भरायला उठावेच लागते.

आता याच्या अगदी उलट बाजूला उभ्या असलेल्या माणसांकडे पाहू. उभी असलेली, हा शब्द इथे शब्दशः घ्यावा. साड्यांच्या दुकानातील विक्रेती, औषधांच्या दुकानातील मदतनीस, केशकर्तनालयातील कारागीर, चौकातील वाहतूक पोलीस, इमारतीचा पहारेकरी. पायांतील अशुद्ध रक्त गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर चढवायचे काम पोटरीचे स्नायू करतात; ते आकुंचन पावले की शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते. शिरांतील झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. एकाच जागी निश्चल उभे राहिले की हा पंप बंद पडतो, रक्त पायांत साचते, संध्याकाळी घोटे सुजतात, आणि वर्षानुवर्षे असेच चालले तर शिरा फुगून निळ्या, वेड्यावाकड्या दिसू लागतात. अशांनी सुट्टीत ‘जरा फिरून येतो’ म्हणण्याचे कारण नाही. त्यांनी बसावे, जमल्यास पाय एखाद्या स्टुलावर किंवा खोक्यावर उंच ठेवावेत, चपला काढाव्यात, घोटे गोल फिरवावेत. कपड्यांच्या गाठोड्याला टेकून दहा मिनिटे पाय भिंतीला लावून पडता आले तर त्याहून चांगले.

पण बसायला स्टूल हवे ना! केरळमधील दुकानांत काम करणाऱ्या स्त्रियांना दिवसभर बसूच दिले जात नसे. त्यांनी यासाठी संघर्ष केला, आणि २०१८ मध्ये त्या राज्याने दुकानविषयक कायद्यात दुरुस्ती करून विक्रेत्यांना बसण्याची सोय देणे बंधनकारक केले. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तशीच तरतूद केली. एका स्टुलासाठी कायदा करावा लागतो, यावरून गिऱ्हाइकापुढे बसणे म्हणजे उद्धटपणा ही समजूत किती घट्ट आहे, ते कळते. गिऱ्हाईक आपणच असतो. लग्नाच्या साड्या पाहायला दोन तास बसणाऱ्या कुटुंबाने समोरच्या मुलीला ‘तुम्हीही बसून दाखवा’ एवढे म्हटले, तर दुकानमालक सहसा हरकत घेणार नाही. आपल्या सोसायटीच्या फाटकावरील पहारेकऱ्याला पाठ असलेली खुर्ची आहे का, हेही जाता-येता पाहावे.

शिक्षकांचे आणि कॉल सेंटरमध्ये काम करणाऱ्यांचे राबते अवयव म्हणजे स्वरतंतू. चार तास लागोपाठ शिकवल्यावर शिक्षकखोलीत येऊन त्याच पट्टीत गप्पा मारल्या तर स्वरतंतूंना सुट्टी मिळालीच नाही. दोन तासांच्या मध्ये दहा मिनिटे खरोखरचे मौन आणि पेलाभर कोमट किंवा साधे पाणी यांनी घसा टिकतो. कुजबुजून बोलणे ही मात्र विश्रांती नव्हे. अनेकांच्या बाबतीत त्याने घशावर उलट ताण येतो. उन्हात काम करणाऱ्यांची गोष्ट याहून गंभीर आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मे महिन्यांत बांधकामावरील किंवा शेतातील मजुराला दुपारची सावली ही चैन नसते; सावलीत बसून, मानेवर ओला पंचा ठेवून, तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पिणे हे त्याच्या जिवाचे रक्षण असते. ज्यांच्याकडे असे काम चालू आहे त्यांनी ती वेळ ठरवून द्यावी, मजुराने मागण्याची वाट पाहू नये.

जेवणाच्या सुट्टीकडे परत येऊ. लक्ष पडद्यात ठेवून जेवले की किती खाल्ले याची नोंद मेंदूत नीट होत नाही, आणि अशी माणसे पुढच्या वेळी अधिक खातात, हे प्रयोगांतून दिसून आले आहे. पोट भरल्याची जाणीव पोहोचायलाही पंधरा-वीस मिनिटे लागतात. दहा मिनिटांत संपलेला डबा त्या जाणिवेच्या आधीच संपलेला असतो. म्हणून तीसपैकी वीस मिनिटे जेवणाला द्यावीत, आणि शक्य तर सहकाऱ्यांसोबत जेवावे. दुसऱ्याच्या डब्यातील ठेचा किंवा चटणी चाखताना जेवणाचा वेग आपोआप उतरतो.

उरलेली दहा मिनिटे शतपावलीची. आपल्या आजी-आजोबांनी जेवणानंतर शंभर पावले चालायला सांगितले, त्यामागची शरीरक्रिया आता चांगली समजली आहे. जेवल्यावर रक्तातील साखर वाढू लागते. त्याच वेळी पायांचे मोठे स्नायू हलू लागले की ते इन्सुलिनवर फारसे अवलंबून न राहता रक्तातील साखर ओढून घेतात आणि तिची उसळी कमी होते. मधुमेह असलेल्यांना आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांना याचा विशेष उपयोग आहे. चाल मात्र रमतगमत असावी. हृदयविकार असणाऱ्यांनी जेवणानंतर लगेच भरभर चालू नये किंवा जिने चढू नयेत; किती चालावे हे त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे.

चहाविषयी लिहायचे म्हणजे मैत्री तुटण्याचा धोका. तरी लिहिणे भाग आहे. टपरीपर्यंत चालत जाणे, तिथे उभ्याने चार शब्द बोलणे, वाफेकडे पाहत क्षणभर काहीच न करणे, हा सगळा विसावाच आहे. प्रश्न ग्लासातल्या वस्तूचा आहे. दोन चमचे साखरेचे चार चहा म्हणजे सुमारे चाळीस ग्रॅम साखर, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आसपास राहिली तर उत्तम. दुसरे असे की जेवणाबरोबर किंवा जेवण संपताच घेतलेला चहा अन्नातील लोहाच्या शोषणात अडथळा आणतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. डब्यात पालक, हळीव, मोड आलेली कडधान्ये आणायची आणि त्यावर लगेच चहा प्यायचा, हे एका हाताने देऊन दुसऱ्याने काढून घेण्यासारखे आहे. चहा जेवणानंतर तासाभराने प्यावा. डब्यात लिंबाची फोड ठेवावी, तिच्यातील क जीवनसत्त्वाने लोह अधिक शोषले जाते. आणि ज्यांच्यासाठी टपरीची फेरी म्हणजे सिगारेट, त्यांनी फेरी कायम ठेवावी, सिगारेट सोडावी. सोडणाऱ्यांना बहुधा फेरीचीच आठवण जास्त छळते.

एक गोष्ट मासिकांतून फारशी लिहिली जात नाही. नोकरी करणाऱ्या कितीतरी स्त्रिया दिवसभर पुरेसे पाणी पीत नाहीत, कारण स्वच्छतागृह घाण असते, दूर असते किंवा नसतेच. शिक्षिका, परिचारिका, दुकानातील मुली, प्रवासात असणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्या, सगळ्यांची हीच कथा. लघवी तुंबवून ठेवणे आणि पाणी कमी पिणे या जोडीने मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग आणि मूतखडा यांचा धोका वाढतो. दुपारची डोकेदुखीही अनेकदा पाण्याच्या कमतरतेतून येते. मुलगी नोकरीला लागली की तिला पगार, रजा, येण्याजाण्याची वेळ असे सगळे आपण विचारतो. ‘तिथले स्वच्छतागृह कसे आहे?’ हेही विचारावे. ते वापरण्यासारखे नसेल तर तिची सुट्टी अर्धीच आहे. कारखान्यांत पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह या सोयी १९४८ च्या कायद्यानेच सक्तीच्या केल्या होत्या. त्या मागण्यात लाजण्यासारखे काही नाही, आणि दोघी-चौघींनी मिळून मागितल्या तर बळ येते.

वामकुक्षीविषयी पुणेकरांना कुणी काही शिकवू नये. इतरांसाठी एवढेच, की दुपारी एक ते तीनच्या सुमारास येणारी पेंग केवळ जेवणामुळे येत नाही. शरीराच्या दैनंदिन घड्याळातच तिथे एक उतार आहे. अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेने लांब पल्ल्याच्या वैमानिकांना उड्डाणात चाळीस मिनिटांची विश्रांती दिली, तेव्हा ते सरासरी सव्वीस मिनिटे झोपले आणि पुढच्या कामात अधिक सावध राहिले. ज्यांना सोय आहे त्यांनी वीस मिनिटांचा गजर लावून डोळे मिटावेत. तास-दीड तास झोपले की गाढ झोपेतून उठताना डोके जड होते आणि रात्रीची झोप बिघडते. रात्री झोप न येणाऱ्यांनी दुपारी मुळीच झोपू नये.

उठताना मन मागे राहते, अशी तक्रार बरेच जण करतात. शरीर टपरीवर आणि डोके अर्धवट राहिलेल्या कामात. त्यासाठी एक उपाय चांगला चालतो. जागेवरून उठण्याआधी चिठ्ठीवर एक ओळ लिहावी: कुठवर आलो आणि परतल्यावर पहिले काय करायचे. काम कागदाच्या हवाली केले की मन ते धरून बसत नाही.

शेवटी अशा एका कामगाराबद्दल, जिच्या कारखान्यात भोंगाच वाजत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात दिसले की घरातील बिनपगारी कामात सहभागी असलेल्या स्त्रियांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ त्या कामात जातो, पुरुषांचा ९७. गृहिणीची सुट्टी दुपारी दोन ते चार असे आपण मानतो. त्या वेळात ती मालिका पाहत तांदूळ निवडते, कपड्यांच्या घड्या घालते, मुलांच्या वह्यांना कव्हरे लावते. वरच्या कसोटीने पाहिले तर तिचे हात थांबायला हवेत आणि पाय वर जायला हवेत. मालिका खुशाल पाहावी, पण तांदळाचे ताट मांडीवर नसावे. सकाळपासून ओट्याशी उभी असल्याने पोटऱ्या, कंबर आणि मनगटे या तिच्या थकण्याच्या जागा आहेत. दुपारच्या जेवणानंतरची भांडी आणि ओटा ही दोन कामे दुसऱ्या कुणी उचलली तर तिच्या वाट्याला रोज साधारण अर्धा तास येतो. घरून काम करणारा मुलगा किंवा नवरा जेवण झाल्या झाल्या पुन्हा खुर्चीत जाऊन बसण्याऐवजी भांडी घासायला उभा राहिला, तर त्याचीही शतपावली घरातच होते, आणि दहा-पंधरा मिनिटे हात ओले असल्यामुळे फोन आपोआप दूर राहतो. सुरुवात रविवारपासून करावी, म्हणजे कुठे काय ठेवतात हे विचारून घ्यायला वेळ मिळतो.